गाडीचा कोंडवाडा



आपल्या वस्त्यांमधून आज एक फेरी मारली तर एक गोष्ट लगेच नजरेत भरते. घर दोन खोल्यांचे असो, वर पत्रा असो, पण दारात दुचाकी उभी असते. ही दुचाकी कोणी मिरवण्यासाठी घेतलेली नाही. तिच्यावर बसून कोणी एमआयडीसीतल्या पाळीला जातो, कोणी सेंट्रिंगच्या कामावर जातो, कोणी भाजीच्या जुड्या बांधून बाजार गाठतो. मुलगी तिच्यावरूनच कॉलेजला जाते आणि रात्री-अपरात्री आजाऱ्याला घेऊन दवाखान्यातही तीच धावते. तिचा हप्ता फिटेपर्यंत घरातल्या भाजीला तेलसुद्धा बेताचेच पडते. म्हणून या गाडीला दंड झाला म्हणजे तो गाडीवर पडत नाही, घराच्या महिन्याच्या हिशेबावर पडतो.

पार्किंगच्या दंडाचा विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ज्या खर्चापायी नवरा-बायकोत दोन दिवस अबोला होतो, मुलाच्या क्लासची फी पुढच्या महिन्यावर जाते, तो विषय घरचाच आहे. तो चहाच्या टपरीवर शिव्या घालून सोडून देण्याइतका लहान नाही.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण गाडीवरचा एमएच १६ आणि लोकांच्या तोंडातले 'नगर' अजून तसेच आहे. अकोल्याच्या डोंगरातला माणूस असो की जामखेडच्या सीमेवरचा, जिल्हा रुग्णालय, कलेक्टर कचेरी, जिल्हा न्यायालय, जातपडताळणी यांसाठी त्याला नगरलाच यावे लागते. मोठे दुखणे निघाले तर त्याही पुढे पुणे किंवा मुंबई. आणि नगर शहर कधीचे? १४९० साली निजामशाहीच्या संस्थापकाने वसविलेले. कापड बाजारातले रस्ते घोडे, पालख्या आणि बैलगाड्या यांच्या हिशेबाने पडलेले. त्याच रस्त्यांवर आज दुचाक्या, रिक्षा, छोटे टेम्पो आणि चारचाक्या एकमेकींच्या अंगावर येतात. २०२२ साली शहरात उड्डाणपूल झाला, त्याने वरून जाणाऱ्यांची सोय झाली. पण ज्याला खाली उतरून कापड घ्यायचे आहे, औषध घ्यायचे आहे, त्याची गाडी उभी राहणार कुठे, हा प्रश्न जागच्या जागी आहे. नगरच कशाला, महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गावाची हीच कथा आहे.

आत्याचे बोल

आम्हा घरच्या मंडळींवर जो प्रसंग आला तो एका मोठ्या शहरात आला. शहराचे आणि रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण तसाच प्रसंग कोणत्याही शहरात कोणावरही येतो.

आमची आत्या पाथर्डी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या पुढचे. गुडघे गेलेले, त्यात दम लागू लागला, म्हणून तिला मोठ्या रुग्णालयात दाखवायचे ठरले. आत्या एस.टी.ने आली. तिचा धाकटा मुलगा, आमचा आत्येभाऊ, त्याच शहरात सेंट्रिंगच्या कामावर जातो. त्याने त्या दिवसाचा खाडा केला आणि आपली दुचाकी घेऊन आला. रुग्णालयाच्या आतले वाहनतळ सकाळी नऊलाच भरले होते. रखवालदाराने बाहेर बोट दाखविले. बाहेर कुंपणाच्या भिंतीला लागून वीस-पंचवीस दुचाक्या ओळीने उभ्या होत्या. त्याच ओळीत आत्येभावाने आपली गाडी लावली. कुठे फलक आहे का, म्हणून त्याने आणि आम्ही इकडेतिकडे पाहिलेही. फलक दिसला नाही.

केसपेपर, मग डॉक्टर, मग एक्स-रे, मग रक्त, मग पुन्हा डॉक्टर. दुपारी दीडला आम्ही आत्याला धरून बाहेर आलो तर ओळच्या ओळ गायब. रस्त्यावर खडूने चौकीचे नाव लिहिलेले. शेजारचा नारळपाणीवाला म्हणाला, "आत्ताच टेम्पो भरून नेल्या दादा. दिवसातून दोनदा येतात."

चौकी तिथून दोन-अडीच किलोमीटर. आत्याला उन्हात ठेवता येईना, म्हणून रिक्षा केली. चौकीच्या मागच्या मोकळ्या जागेत शंभरेक गाड्या एकीला एक टेकवून ठेवलेल्या. आत्येभावाच्या गाडीचा आरसा वाकलेला. खिडकीशी रांग. आमचा नंबर आल्यावर आत्येभाऊ नम्रपणे म्हणाला, "साहेब, तिथं बोर्डच नव्हता. बोर्ड असता तर मी लावलीच नसती."

हवालदार स्वभावाने वाईट नव्हते. सकाळपासून उभे राहून त्यांचाही चेहरा उतरलेला. ते म्हणाले, "बोर्ड आहे की दादा. विजेच्या खांबावर आहे."

आत्येभावाने मोबाईलवर काढलेला त्या खांबाचा फोटो दाखविला. खांबावर कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा भला मोठा फ्लेक्स. हवालदारांनी फोटो जवळ धरून पाहिला, जरा हसले आणि म्हणाले, "फ्लेक्सच्या मागं आहे बघा. आता त्याला मी काय करू? माझं काम गाडी उचलायचं."

"आणि गेटच्या समोर झेब्रावर पांढरी गाडी उभी आहे सकाळपासून, ती?" आमच्या घरातून प्रश्न गेला. त्याला उत्तर आले नाही. मागचा माणूस पुढे सरकला.

५०० रुपये दंड, वर गाडी उचलल्याचे वेगळे पैसे, रिक्षाचे वेगळे, आणि खाडा झाला तो वेगळाच. आत्या बाकावर बसून सगळे पाहत होती. त्या कुंपणात कोंबलेल्या गाड्यांकडे बघून ती म्हणाली, "आरं, ह्यो तर कोंडवाडाच की!"

कोंडवाडा

शहरात वाढलेल्या आपल्या मुलांना कोंडवाडा ठाऊक नसेल. गावात मोकाट सुटलेले किंवा कोणाच्या पिकात शिरलेले जनावर धरून ज्या कुंपणात कोंडत त्याला कोंडवाडा म्हणत. मालकाने जायचे, दंड भरायचा, चाऱ्या-पाण्याचे पैसे भरायचे आणि जनावर सोडवून आणायचे. आत्या लहान असताना तिच्या बापाची गाय अशी कोंडवाड्यात गेली. घरात वासरू हंबरतंय, गाय तिकडे हंबरतेय, आणि दंडाचे पैसे मिळेपर्यंत ही पोर दगडी भिंतीला टेकून बसून राहिली. तिने आम्हांला ही गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. प्रत्येक वेळी शेवट एकच: "आपली एक गाय लगेच घावली. पाटलाची गुरं सगळ्या रानात फिरायची, ती कधी कोंडवाड्यात दिसली न्हाईत."

या कोंडवाड्यामागे कायदा होता. १८७१ सालचा, इंग्रजांनी केलेला. दर जनावरामागे दंड ठरलेला. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचे, दवंडी पिटायची, तरीही कोणी आले नाही तर लिलाव. पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट होती, जी गावातल्या गरिबाला कोणी सांगितली नाही. जनावर विनाकारण धरले असे मालकाला वाटले तर दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करता येई. तक्रार खरी ठरली तर जनावर धरणाऱ्याने मालकाला शंभर रुपयांपर्यंत नुकसानभरपाई द्यायची, शिवाय दंडाचे आणि सोडवणुकीचे पैसे परत. म्हणजे परकीय सरकारलाही कळत होते की, ज्याच्या हातात धरण्याचा अधिकार दिला त्याच्यावर काही बंधन पाहिजे.

आता आजचा कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे १२२ वे कलम म्हणते की, सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा रीतीने गाडी उभी करू नये. कलमाचा गाभा 'अडथळा' हा आहे. १२७ वे कलम गाडी उचलण्याचे. गाडी दहा तास किंवा जास्त बेवारस उभी असेल, किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर ती उचलण्याचा किंवा तिला जॅमर लावण्याचा हुकूम देता येतो. पण तो हुकूम त्या हद्दीतल्या गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने द्यायचा. टेम्पोवरच्या ठेकेदाराच्या पोरांनी आपल्या मनाने गाडी उचलावी असे कायद्यात नाही. उचलण्याचा खर्च मालकावर, हेही त्याच कलमात आहे. मात्र चुकीने उचलली तर मालकाला काय मिळेल, याबद्दल ते कलम गप्प आहे. १८७१ च्या जनावरांच्या कायद्यात जे होते ते १९८८ च्या गाड्यांच्या या कलमात नाही!

आणखी एक कलम आहे, ११७ वे. सरकारला किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, तिथल्या नगरपालिकेशी-महापालिकेशी विचारविनिमय करून, गाड्या उभ्या करण्याच्या जागा ठरवता येतात, असे त्यात सांगितले आहे. म्हणजे कायद्याला नुसते 'इथे लावू नका' एवढेच म्हणायचे नाही, 'इथे लावा' हेही म्हणायचे आहे. आपल्या शहरांमधून पहिला अर्धा भाग जोरात चालतो आणि दुसरा अर्धा भाग फायलीत निजतो. लोकांचा राग नियमावर नाही, या अर्धवटपणावर आहे.

दंड एक, भार वेगळा

१९८८ च्या कायद्यात अशा किरकोळ गुन्ह्यांना पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास तीनशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि तो ५०० व १,५०० रुपये झाला. महाराष्ट्राने ही वाढ लगेच लागू केली नाही, डिसेंबर २०२१ मध्ये केली.

आता हिशेब करून पाहा. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ साली महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी होती. म्हणजे ५०० रुपये दंड भरायला उन्हात दीड दिवसाहून जास्त माती उपसली पाहिजे, आणि १,५०० भरायला जवळजवळ पाच दिवस. त्याच रस्त्यावर वीस लाखांची गाडी लावणाऱ्याला हेच ५०० रुपये हॉटेलातल्या एका वेळच्या चहा-फराळाएवढे वाटतात. तो दंडाला भाडे समजतो आणि उद्या पुन्हा तिथेच लावतो. पावतीवर रक्कम सारखी, पण एकाच्या घरी चूल मंद होते आणि दुसऱ्याच्या घरी कोणाला कळतही नाही. याला समान शिक्षा म्हणायचे का?

फिनलंड नावाच्या देशात वेगाने गाडी हाकल्याचा मोठा दंड माणसाच्या उत्पन्नावर ठरतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका संचालकाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल तेथे १ लाख १६ हजार युरो दंड झाला. पुढे कोर्टाने तो पुष्कळ कमी केला, पण तत्त्व कायम राहिले. पार्किंगचा दंड मात्र तेथेही ठराविक रकमेचा असतो, हे सांगितले पाहिजे. आपल्याकडे उद्याच असा कायदा येईल असे आम्ही म्हणत नाही. पण दंडाने पोटाला चिमटा कोणाला बसतो आणि कोणाला बसत नाही, याचा विचार दुनियेत कोठेतरी होतो, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

शिस्त हवीच

हे सारे वाचून कोणी समजेल की आम्हांला नियमच नको आहेत. तसे मुळीच नाही. रस्ता हा सर्वांचा आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावरून, सार्वजनिक पाणवठ्यावर जाण्यासाठी ज्यांच्या आज्या-पणज्यांना झगडावे लागले त्या समाजाला रस्त्याची किंमत कोणी शिकवायला नको. रस्ता अडला म्हणजे आधी कोण अडतो? पायी चालणारा अडतो. फूटपाथवर दुचाक्या लावल्या म्हणजे काठी टेकत चालणारा म्हातारा, पोटुशी बाई, आंधळा माणूस, चाकाच्या खुर्चीवरचा अपंग, हे सारे वाहत्या रस्त्यावर उतरतात. अरुंद गल्लीच्या तोंडाशी एक चारचाकी आडवी उभी राहिली की अॅम्ब्युलन्स आणि आगीचा बंब दोन्ही बाहेरच. गाडी चालविण्याच्या २०१७ च्या नियमांत फूटपाथ, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, शाळेचे व दवाखान्याचे प्रवेशद्वार या ठिकाणी गाडी लावण्यास मनाई आहे ती याचसाठी. या जागांना फलकाची वाट पाहायची नसते.

आणि दुसरे म्हणजे, चौकात उन्हातान्हात, धुरात उभा राहणारा वाहतूक पोलीस हा कोणी शत्रू नव्हे. तोही आपल्यासारख्याच घरातला, कित्येकदा आपल्याच वस्तीतला. त्याच्याशी हुज्जत घालून, आवाज चढवून, 'मी कोण आहे माहीत आहे का' म्हणून काही साधत नाही. उलट साधी दंडाची गोष्ट सरकारी कामात अडथळा आणल्याच्या गुन्ह्यावर जाते, आणि मग तरुण पोराच्या नोकरीच्या वेळी चारित्र्याच्या दाखल्याला अडचण येते. तेव्हा तरुणांनो, तोंड सांभाळा आणि कागद भक्कम ठेवा.

आपल्या समारंभांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. मंगल परिणय असो, नामकरण असो की पुण्यानुमोदन, कार्यालय रस्त्याला लागून असते आणि पाहुण्यांच्या गाड्या रस्त्यावर दुहेरी-तिहेरी लागतात. पत्रिकेवर प्रेषक, निमंत्रक, स्वागतोत्सुक अशी तीस-तीस नावे छापतो. त्याच पत्रिकेवर 'वाहने अमुक मैदानात लावावीत' ही एक ओळ छापायला काय हरकत आहे? चार तरुणांनी हातात शिट्टी घेऊन दोन तास उभे राहिले तर शेजारच्या गल्लीतल्या आजाऱ्याची वाट मोकळी राहील.

जिथे मोठ्यांनाही धरले

कडक अंमलबजावणीचा उपयोग होतो की नाही? होतो. पण कधी होतो, याचे एक उदाहरण अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात घडले आहे. ते मुद्दाम सांगतो.

न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचे मुख्य कार्यालय आहे. तेथे साऱ्या देशांचे राजनैतिक अधिकारी राहतात. त्यांना राजनैतिक संरक्षण असल्यामुळे पार्किंगचा दंड त्यांच्याकडून वसूल करता येत नसे. पावती फाडायची, पण पैसे कोणी भरायचे नाहीत. रेमंड फिसमन आणि एडवर्ड मिगेल या दोन अर्थशास्त्रज्ञांनी याचा अभ्यास केला. १९९७ ते २००२ या पाचेक वर्षांत या अधिकाऱ्यांच्या न भरलेल्या पावत्या दीड लाखाच्या वर गेल्या होत्या आणि थकलेला दंड होता १ कोटी ८० लाख डॉलरहून जास्त. स्वीडन, नॉर्वे, जपान अशा काही देशांच्या अधिकाऱ्यांची एकही पावती थकलेली नव्हती. कोणी विचारणारे नसतानाही ते नियमाने वागत होते. काही देशांच्या अधिकाऱ्यांनी मात्र ताळतंत्र सोडले होते. २००२ च्या ऑक्टोबरात शहराला अधिकार मिळाला की, तीनपेक्षा जास्त पावत्या थकल्या तर त्या गाडीची खास नंबरप्लेट काढून घ्यायची. झाले! उल्लंघने जवळजवळ ९८ टक्क्यांनी खाली आली.

याचा अर्थ काय? मोठ्या माणसाला नियम समजत नव्हता असे नाही. त्याला कोणी धरत नव्हते, एवढेच. ज्या दिवशी त्याच्या मानाच्या पाटीला हात लागला त्या दिवशी त्याला शिस्त आली. आपल्याकडेही गाडीच्या काचेवर पदाची पाटी असते, कोणा पक्षाचे चिन्ह असते, कोणा खात्याचे नाव असते. ती पाटी पाहून टेम्पो पुढे सरकतो आणि मागच्या दुचाकीपाशी थांबतो. आपले काही तरुणही या पाटीच्या मोहात पडतात. नंबरप्लेटवर आकड्यांऐवजी नावे आणि घोषणा लिहितात. महापुरुषांचे नाव दंड चुकविण्यासाठी वापरायचे नसते, हे त्यांना घरातूनच सांगितले पाहिजे.

आपल्या कायद्यातही एक चांगली तरतूद आली आहे. २०१९ च्या दुरुस्तीत २१०-ब हे कलम घातले गेले. हा कायदा राबविण्याचा अधिकार ज्या यंत्रणेला आहे तिनेच तो मोडला तर तिला दुप्पट दंड. कलम कागदावर आहे. ते रस्त्यावर आणणे हे जागृत नागरिकांचे काम आहे.

आपण काय करावे?

आता घरच्या उपयोगाच्या चार गोष्टी.

परक्या शहरात गाडी लावताना घाई करू नका. फलक नीट वाचा. पुण्यासारख्या शहरात काही रस्त्यांवर पी-१, पी-२ असे फलक असतात. एका बाजूला विषम तारखेला आणि दुसऱ्या बाजूला सम तारखेला गाडी लावायची असते. खेड्यातून आलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही, म्हणून आपणच सांगावे. फलक दिसत नसेल तर गाडी लावल्यावर जागेचा आणि आसपासच्या खांबांचा फोटो काढून ठेवा. आमच्या आत्येभावाने काढला होता, म्हणूनच त्याला बोलता आले.

पैसे दिले की पावती घ्या. दंडाची वेगळी आणि गाडी उचलल्याचीही. पावतीशिवाय दिलेला पैसा सरकारात जात नाही. गाडी ताब्यात घेताना आरसा, इंडिकेटर, रंग तिथेच तपासा आणि मोडतोड असेल तर तिथल्या तिथे लेखी द्या.

आता फोटो काढून ई-चलान पाठविण्याची पद्धत आहे. आरटीओच्या नोंदीत जुना मोबाईल नंबर असेल तर चलान कोणाच्या भलत्याच फोनवर जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणून नंबर बदलून घ्या. जुनी गाडी विकत घेताना आधी तिच्यावर चलाने थकली आहेत का ते पाहा, आणि नाव लावून घ्यायला उशीर करू नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवावे असा नियम आहे. आपल्यात कित्येक गाड्या नुसत्या विश्वासावर हात बदलतात आणि मग एकाच्या दंडापायी दुसरा झिजतो. आणखी एक सावधगिरी: ई-चलानच्या नावाने खोटे मेसेज पाठवून लोकांची खाती रिकामी करणारे भामटे निघाले आहेत. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून स्वतः पाहा.

चलान चुकीचे वाटले तर ते मुकाट्याने भरलेच पाहिजे असे नाही. जागेवर भरतो ती तडजोडीची रक्कम असते. ती मान्य नसेल तर प्रकरण न्यायालयापुढे नेऊन आपली बाजू मांडता येते. वाहतूक पोलिसांच्या ॲपवर तक्रार नोंदविण्याचीही सोय आहे. वर्षातून साधारण चार वेळा राष्ट्रीय लोकअदालत भरते, तेथेही थकलेली चलाने मिटविता येतात.

'कोर्ट म्हटले की वकील आला आणि वकील म्हटले की पैसा आला' असे म्हणून माणसे गप्प बसतात. त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना, स्त्रियांना, अपंगांना आणि कारखान्यातल्या कामगारांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. त्यासाठी त्यांना उत्पन्नाची मर्यादा नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, तेव्हा हा हक्क आपल्यालाही आहे. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. वस्तीतल्या शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने तिथे एकदा जाऊन माहिती आणली तरी दहा घरांचे काम होईल.

आत्याच्या बापाला १८७१ च्या कायद्यातले ते दहा दिवस आणि ते शंभर रुपये कोणी सांगितले नाहीत. वाचता येत नव्हते म्हणून तो दंड भरून, मान खाली घालून गाय घेऊन आला. आज आपल्याला वाचता येते. फलक झाकलेला असेल तर नगरपालिकेला अर्ज लिहिता येतो. 'या रस्त्यावर गाड्या लावण्याची जागा कोणती ठरविली आहे,' हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. वॉर्डाच्या नगरसेवकाला गटाराइतकाच वाहनतळाचाही प्रश्न विचारता येतो. हे एकट्याने न करता वस्तीने मिळून केले तर उत्तर लवकर येते.

आमचे मागणे एवढेच की, आधी जागा दाखवा, मग मनाईचा फलक उघडा दिसेल असा लावा, दंड घेतला तर पावती द्या, आणि झेब्रावरच्या पांढऱ्या गाडीलाही तोच टेम्पो लावा. इतके झाले तर ५०० रुपये भरताना माणूस हळहळेल, पण त्याला अन्याय झाला असे वाटणार नाही.